पहिलं ‘नको’

मंडईत मटार आला की भाजीवाल्या कमलबाई दरवर्षी मला एकच प्रश्न विचारतात. तराजूत शेंगा ओतता ओतता, माझ्याकडे न बघता.

“तुमची ती गोरी लेक आली न्हाई व्हय अजून?”

“नाही.”

“येईल की. कुटं जातीय,” असं म्हणतात आणि तोलून झाल्यावर वरून मूठभर शेंगा टाकतात. ती मूठ माझ्यासाठी नसते. सात हिवाळे मी ती घरी आणतो आहे.

खरं तर कोथरूडला आमच्या सोसायटीच्या दारातच हातगाडी उभी असते. सोललेला मटार पिशवीत भरून मिळतो. तरी डिसेंबरात गॅलरीची फरशी पायांना झोंबायला लागली की मी कापडी पिशवी घेतो, बस पकडतो आणि मंडईत जातो. शेंगेला नख लावलं की बारीकसा ‘टक्’ आवाज होतो आणि पाठोपाठ तो ओला, हिरवा, किंचित गोड वास येतो. त्या वासाला मी घाबरतो, आणि घाबरतो म्हणूनच जातो. एवढं सोडलं तर त्या गोष्टीबद्दल मी सात वर्षांत काहीही केलेलं नाही. बोललो तर नाहीच. न बोलणं हा माझा स्वभाव आहे असं सगळे म्हणतात, आणि स्वभावाच्या आड माणसाला पुष्कळ काही ठेवता येतं.

यंदा बोललो. आधी बायकोशी, मग जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी. आता इथे लिहितो आहे ते मन हलकं झालं म्हणून.

गोरी लेक म्हणजे हेल्मी. फिनलंडची, तेव्हा वीस वर्षांची. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका कार्यक्रमातून मराठी शिकायला इथल्या एका कॉलेजात सत्रभरासाठी आली होती; सुरुवात तिनं तिकडेच केली होती. अशा मुलांना वसतिगृहात न ठेवता एखाद्या घरी ठेवायचं, म्हणजे त्यांना संस्कृती कळते, अशी त्या मंडळींची कल्पना. आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली, तेव्हा शुभदानं, माझ्या बायकोनं, फॉर्म भरला. मला विचारलं तेव्हा फॉर्म जाऊन आठवडा झाला होता.

“माझी संमती लागत नाही का?” मी म्हणालो.

“सही लागत होती. ती मी केली,” शुभदा म्हणाली.

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरायचे होते तेव्हा हेल्मी आली. एक बॅग, एक पाठीवरची पिशवी, आणि इतकं कमी बोलणं की दुसऱ्या दिवशी शुभदानं मला बाजूला घेऊन विचारलं, “हिला आपलं घर आवडलं नाही का हो?” मला मात्र पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं की हिला आवडलं आहे. गप्प बसणाऱ्या माणसाला गप्प बसणारं माणूस बरोबर ओळखू येतं. आम्ही दोघं गॅलरीत शेजारी बसायचो, समोरच्या इमारतीवरची कबुतरं बघायचो, आणि अर्ध्या तासानं ती म्हणायची, “छान, काका.” मीही म्हणायचो, “छान.” माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम गप्पा मी त्या अडीच महिन्यांत मारल्या.

कार्यक्रमवाल्यांनी सगळ्या यजमान घरांची एक सभा घेतली होती. तिथे बाकीच्यांची मुलं बघितली. एका ब्राझीलच्या मुलाला फेटा बांधून आणला होता. एक कोरियाची मुलगी नऊवारीत अवघडून बसली होती, आणि तिच्या यजमान काकू येईल त्याला सांगत होत्या, “हिला विचारा, पुरणपोळी आवडते का. विचारा ना.” ती बिचारी पाठ केलेलं एक वाक्य प्रत्येकाला म्हणून दाखवत होती. आम्ही असलं काही केलं नाही, याचा मला फार अभिमान होता. आपण तिला नटवत नाही, मिरवत नाही, माणसासारखं वागवतो. तो अभिमान नंतर माझ्याच अंगावर आला.

तिची पहिली मोठी फजिती झाली ती केळवणात. शुभदाच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, तिला जेवायला घालायचं म्हणून सगळे जमले होते, आणि हेल्मीही होती. आता बघा, हिच्या घरची शिस्त अशी की ताटात वाढलेलं टाकायचं नाही. आमच्याकडे रीत अशी की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. ती इमानदारीनं जिलबी संपवायची, आणि संपली रे संपली की कुणीतरी दोन जिलब्या टाकायचं. ती “नको” म्हणायची, म्हणजे हा शब्द तिला पक्का येत होता, पण तिच्या ‘नको’कडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. “अगं, नको काय, घे. वाळून गेलीयेस थंडीत.” अकरा जिलब्या. मी मोजत होतो, कारण मोजणं हा माझा धंदा. चिंचवडच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. पण मोजत असूनही मी मध्ये पडलो नाही. लोकांत मध्ये पडणं मला जमत नाही. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी ती ओव्याचं पाणी घेऊन सोफ्यावर आडवी झाली होती. मला वाईट वाटलं आणि मी तिला धडा दिला. तिनं वही काढली. ही मुलगी प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची.

“पहिलं ‘नको’ म्हणजे रीत,” मी म्हणालो. “खायचं असलं तरी म्हणायचं. दुसरं ‘नको’ म्हणजे समोरचा मनापासून विचारतोय का ते बघणं. तिसरं ‘नको’ खरं. तिसऱ्यानंतर कुणी वाढलं तर हात आडवा धर, ताटावर.”

“म्हणजे तीनदा विचारतात.”

“तीनदा विचारायचं असतं.”

तिनं लिहून घेतलं. मग पेन वर करून विचारलं, “आमच्याकडे एकदाच विचारतात. इथे कुणी एकदाच विचारलं तर?”

“तर त्याला विचारायचंच नव्हतं, असं समजायचं,” मी म्हणालो.

मला त्या उत्तराचं कौतुक वाटलं होतं. किती नेमकं बोललो म्हणून.

धड्याचा मलाही फायदा झाला. त्याआधी आठवडाभर ती रोज सकाळी स्वतःची कॉफी करायची, गावाहून आणलेली, आणि तिचा दरवळ असा की पेपरातली ओळ पुढे सरकायची नाही. “काका, कॉफी?” ती विचारायची. “नको नको,” मी म्हणायचो, आपण म्हणतो तसं. ती मान डोलवायची आणि माझ्यासमोर बसून एकटी प्यायची. शेवटच्या थेंबापर्यंत. धड्याच्या दुसऱ्या दिवशी ती कपाटासमोर ताठ उभी राहिली.

“काका, कॉफी?”

“नको.”

“कॉफी?”

“नको गं.”

“कॉफी?”

“दे.”

मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही तिनं. शुभदाला हसू आवरेना, ओट्याला धरून उभी राहिली. पुढे पुढे हेल्मीचं विचारणं सैल झालं, त्यात आपला सूर आला. आणि तिचं स्वतःचं पहिलं ‘नको’ तर हुबेहूब शुभदाचं झालं. मान किंचित डावीकडे, नजर खाली, आवाज अर्धा. शुभदाला साडी आवडलेली असते आणि ती म्हणते “नको, आहेत पुष्कळ”, अगदी तसं. खऱ्या ‘नको’ला मात्र ती सरळ बघायची. ते तिचं गावाकडचंच राहिलं होतं. मला दोन्ही लांबूनही वेगळी ओळखू यायची. हेही लक्षात ठेवा.

हेल्मीचे वडील तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवत. पहाटे निघण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या थर्मामीटरचा फोटो काढून लेकीला पाठवायचे, आणि रविवारी जरा उशिरा, तिथले सात, म्हणजे आपले साडेदहा वाजले की. सोबत एक शब्द नाही. उणे एकोणीस, उणे बावीस. ती मला दाखवायची. माझ्या गॅलरीतही एक थर्मामीटर आहे, कारखाना सोडताना खात्यातल्या लोकांनी दिलेला. मी सकाळी साडेसहाला त्याचा फोटो काढायला लागलो. अकरा. साडेदहा. तिनं तो वडिलांना पाठवला. उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो, खास माझ्यासाठी. असं सुरू झालं. एकदा मी माकडटोपी, स्वेटर आणि मफलर घालून अकराच्या आकड्याशेजारी उभा राहिलो, शुभदानं फोटो काढला. तिकडून फोटो आला: गुडघाभर बर्फात एक रुंद माणूस अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून उभा, चेहऱ्यावर काहीही भाव नाही. मी तो दिवसभर बघून हसत होतो. आम्ही कधी बोललो नाही, बोलायला भाषा नव्हती आणि गरजही नव्हती. माझ्या वयाचा, माझ्यासारखाच मुका एक माणूस रोज सकाळी मला त्याच्या दारातला आकडा कळवत होता. मैत्री म्हणायला मला तेवढं पुरतं.

मग मटार आला. मी तिला मंडईत नेलं. कमलबाईंनी एक शेंग मोडून तिच्या हातावर ठेवली, “खाऊन बघ गं बाय.” हेल्मी शेंग हातात धरून नुसती बघत राहिली. तिच्या गावात मटार भर उन्हाळ्यात येतो, म्हणाली. जुलैत. तो कुणी शिजवत नाही. बाजारातून कागदी पिशवीभर शेंगा घ्यायच्या, तळ्याकाठच्या बाकावर बसायचं आणि कच्चेच दाणे खायचे, टरफलं त्याच पिशवीत. ती लहान असल्यापासून वडिलांबरोबर हे करत आली होती. “माझा उन्हाळा तुमच्या हिवाळ्यात आहे,” ती म्हणाली.

घरी पेपर पसरून आम्ही सोलायला बसायचो. ती चार शेंगा सोलायची, तीन खायची. “ही सोलतेय की चरतेय?” शुभदा म्हणायची आणि तिच्यापुढे आणखी शेंगा ओतायची. एका शेंगेत जास्तीत जास्त किती दाणे, याची हेल्मीनं नोंद ठेवली होती. नऊपर्यंत गेली होती. गॅलरीत कोवळं ऊन, मांडीवर ताट, अंगठ्याच्या नखात हिरवं. ती पंधरा-वीस दुपारांची गोष्ट आहे, पण माझ्या आठवणीत तिनं एक अख्खं वर्ष व्यापलं आहे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. शुभदा बहिणीकडे साताऱ्याला गेली होती. आम्ही दोघं गॅलरीत, मध्ये मटाराचा ढीग. साडेदहा वाजले, फोटो आला नाही. अकरा वाजले. “रविवार आहे, झोपले असतील,” मी म्हणालो. हेल्मी फोन पालथा ठेवून सोलत राहिली. साडेबाराला तिच्या आईचा फोन आला. तिकडच्या भाषेतले चार-पाच शब्द, मग बराच वेळ फक्त ऐकणं. तिच्या उजव्या हातात अर्धी उघडलेली शेंग होती, ती तिनं शेवटपर्यंत सोडली नाही.

फोन ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “काका, माझे बाबा गेले.”

मराठीत. एकही चूक नाही. एवढं दुःख सांगायला तिनं माझी भाषा घेतली, आणि मी काय केलं, तर उठलो आणि कामाला लागलो.

कामं मी उत्तम केली, हे मला मान्य करायलाच हवं. कार्यक्रमवाल्यांना फोन केला, त्यांनी मुंबईहून विमानाचं तिकीट काढलं, तीन वाजता गाडी ठरली. बॅग बांधायला मदत केली. जाड कोट वर ठेवला, तिळाचे लाडू कोपऱ्यात बसवले. पासपोर्ट मी तीनदा तपासला. हो, तीनदा. खात्यातला नियमच होता, एकदाच मोजून यंत्राचा भाग पास करायचा नाही. शुभदाचा साताऱ्याहून फोन आला, रडत होती. “तुम्ही जा हं तिच्याबरोबर एअरपोर्टपर्यंत. एकटं पाठवू नका.” मी “हो” म्हणालो.

त्या अडीच तासांत हेल्मी रडली नाही. आपल्या खोलीत खुर्चीवर बसून होती. मी दारातून तीन-चार वेळा आत बघितलं, आत गेलो नाही.

खाली गाडी आली. बॅग मी डिकीत ठेवली. तिनं मागचं दार उघडलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

“मी येऊ का बरोबर?” मी विचारलं.

“नको, काका.”

मान किंचित डावीकडे. नजर खाली. आवाज अर्धा.

ते पहिलं ‘नको’ होतं. मला कळलं. कळलं नाही असं मी सात वर्षांत स्वतःलासुद्धा कधी सांगू शकलो नाही. आणि त्याच क्षणी माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. सुटलो, असं वाटलं. चार तास बंद गाडीत एका पोरक्या मुलीशेजारी बसायचं, ती रडली तर काय करायचं, पाठीवर हात ठेवायचा की नाही, काय बोलायचं, यातलं मला काही येत नव्हतं आणि आता ते यावं लागणार नव्हतं. मनानं ताबडतोब एक सोयीचं कारणही काढून दिलं: यांच्याकडे एकदाच विचारतात, मागे लागलेलं यांना आवडत नाही, तिच्या संस्कृतीचा मान ठेवायला हवा. अडीच महिने मी तिला माझी रीत शिकवली आणि ऐन वेळी स्वतः तिच्या रितीत जाऊन उभा राहिलो. देवाणघेवाण पुरी झाली. ती पुण्याची झाली होती आणि मी, त्या एका दुपारपुरता, फिनलंडचा.

“बरं. सांभाळून जा,” मी म्हणालो.

ती उभी राहिली. दारावर हात तसाच. किती वेळ? मी हजारो भाग तपासले आहेत, हजाराव्या हिश्श्यापर्यंत मापं लिहिली आहेत, पण ते थांबणं किती होतं ते मला सांगता येत नाही. मग तिनं मान वर केली आणि म्हणाली, “येते, काका.”

‘जाते’ म्हणायचं नसतं, हे तिला शुभदानं शिकवलं होतं.

गाडी वळली. मी वर आलो. गॅलरीत पेपरावर ढीग तसाच होता. मी बसलो आणि राहिलेला मटार सोलला. शेवटच्या शेंगेपर्यंत. दाणे डब्यात भरले, टरफलं गुंडाळली, फरशी पुसली. माणूस काय काय करू शकतो हे बघायचं असेल तर ती दुपार बघावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी सवयीनं थर्मामीटरचा फोटो काढला. नऊ होतं. त्या हिवाळ्यातला सगळ्यात कमी आकडा, आणि पाठवायला कुणी नाही.

शुभदा परत आली. चपला काढायच्या आधी तिनं विचारलं, “गेला होतात ना?”

“तीनदा विचारलं,” मी म्हणालो. “तीनदा नको म्हणाली.”

“मानी आहे पोरगी,” शुभदा म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

एवढंच खोटं. पण चांगल्या घरात पडलेलं खोटं चांगलं वाढतं. शुभदानं ते नातेवाइकांना सांगितलं. सोसायटीत सांगितलं. “आमचे हे तीनदा म्हणाले तिला, पण ती तयारच होईना.” कार्यक्रमवाल्यांकडून आभाराचं पत्र आलं, अवघड प्रसंगी दाखवलेल्या आपुलकीबद्दल. शुभदानं ते जपून ठेवलं. हेल्मी परत आली नाही, आई एकटी होती. तिची राहिलेली पुस्तकं, चपला, ती वही, सगळं शुभदानं पार्सलनं पाठवलं. दरवर्षी नव्या वर्षाला हेल्मीचा निरोप यायचा, काकूंना. त्यात शेवटी असायचं, “काकांना नमस्कार.” मी म्हणायचो, “माझाही सांग.”

यंदा डिसेंबरात कार्यक्रमवाल्यांचा फोन आला. पेरू देशातली एक मुलगी येते आहे, घर हवं आहे, तुमचा अनुभव आहे. शुभदाला आनंद झाला. या वेळी तिनं मला आधी विचारलं.

“नको,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी परत विचारलं. “नको गं, आता होत नाही.”

त्या रविवारी मी मंडईतून मटार आणला होता. आम्ही गॅलरीत सोलत बसलो होतो. “हे बघा,” शुभदा म्हणाली, “शेवटचं विचारते. खोली रिकामी, आपण रिकामे. का नको?”

आणि मी सांगितलं. शेंगेकडे बघत, हात न थांबवता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाच विचारलं होतं. ते पहिलं ‘नको’ होतं हे मला कळलं होतं. मला बरं वाटलं होतं. तुला खोटं सांगितलं.

शुभदानं ढिगातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. तिनं पाच-सहा शेंगा सोलल्या. मग म्हणाली, “म्हणजे चार तास ती एकटी होती.”

“हो.”

“आणि मी सात वर्षं गावभर सांगत फिरले.”

“हो.”

“छान. माझा नवरा कमी बोलतो पण खोटं बोलत नाही, हेही सांगायचे मी. जोडीला.” मग तिनं हात झटकले. “फोन लावा तिला.”

“आत्ता? तिकडे सकाळ असेल.”

“मग उठलेली असेल. लावा.”

पेरूच्या मुलीचा फॉर्म आता भरला आहे, सही माझी आहे. ती आठ दिवसांनी येईल. तीन वेळा विचारण्याचा धडा मी तिलाही देणार आहे, तो खराच आहे. फक्त शेवटचा प्रश्न तिनं विचारला, की कुणी एकदाच विचारलं तर काय, तर या वेळी उत्तर वेगळं आहे. तर म्हणायचं, परत विचारा. दार धरून उभं राहायचं नाही. आपल्या घरात असं स्पष्ट म्हणायची मुभा आहे, हे मी तिला पहिल्या दिवशी सांगणार आहे, तिनं विचारायच्या आधी.

पण त्या फोनचं सांगायला हवं.

“काका?” पहिल्याच हाकेला ओळखलं तिनं. आता सत्तावीस वर्षांची आहे, लहान मुलांच्या शाळेत शिकवते. मराठी गंजलं आहे, मध्ये मध्ये इंग्रजीचा टेकू लागतो. मी तब्येत, हवा, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथेच थांबलो असतो.

“हेल्मी, तू गेलीस त्या दिवशी मी एकदाच विचारलं. मला यायचं नव्हतं. तू रडशील याची मला भीती वाटत होती. तुझं ‘नको’ पहिलं होतं, हे मला कळलं होतं. काकूला मी खोटं सांगितलं. चुकलं माझं.”

पलीकडे शांतता. आमच्यातली जुनी शांतता नव्हे ही, हिला काठ नव्हते.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “एकदाच विचारलं तर काय समजायचं, ते तुम्हीच सांगितलं होतं.”

मी “हो” म्हणालो.

“लोणावळ्याला ड्रायव्हरनं गाडी थांबवली,” ती सांगायला लागली. “चहा घेणार का, म्हणाला. मी नको म्हणाले. त्यानं परत विचारलं. मी नको म्हणाले. तो उतरला, दार उघडून माझ्याकडे आला आणि परत विचारलं. मग मी चहा घेतला. आणि मग रडले. तो शेजारी उभा होता. काही बोलला नाही. नुसता उभा होता.”

इतकंच करायचं होतं. नुसतं उभं राहायचं होतं. ते तर मला येत होतं. ते एकच मला येत होतं.

“राग आला होता माझा?”

“हो. दोन वर्षं.”

“मग?”

“मग जुलैत मटार आला. मी बाबांच्या बाकावर बसून खाल्ला. तुमची आठवण आली. रागासकट. मग पुढच्या जुलैत नुसती आठवण आली.” थोडं थांबून तिनं विचारलं, “काकू कुठे आहेत?”

“इथेच. मटार सोलतेय.”

“नऊच्या पुढे गेली शेंग?”

“अजून नाही.”

ती हसली, म्हणजे नाकातून थोडा श्वास आला, तिचं हसणं तेवढंच असतं. मग म्हणाली, “काका, जुलैमध्ये तुम्ही इकडे या. दोघं. बाक दाखवते.”

“नको गं,” मी म्हणालो. “कशाला एवढं. तुझी शाळा, तुझी कामं. उगाच तुला त्रास.”

माझ्या तोंडातून ते आपोआप गेलं. साठी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडातून जातं तसं. आणि गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते. तिच्याकडे एकदाच विचारतात. एकदा विचारून झालं होतं. मी फोन कानाला धरून उभा होतो. पलीकडून आवाज नव्हता. शेजारी बसून सगळं ऐकणाऱ्या शुभदाचे हात थांबले होते. खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती. मला जायचं होतं. त्या बाकावर, त्या रुंद माणसाच्या जागेशेजारी मला बसायचं होतं, आणि ते मला सांगता येत नव्हतं, कारण मी आधीच नको म्हणून बसलो होतो. आता सगळं तिच्या हातात होतं. दारावर हात ठेवून असंच उभं राहावं लागतं तर.

“काका,” हेल्मी म्हणाली, “जुलैमध्ये या.”

“तिसऱ्यांदा विचारायला लावलंत तिला, तर बघा,” शुभदा म्हणाली.

“येतो,” मी म्हणालो.